फँटसी लीगची ऑफ-सीझन तयारी

फँटसी फुटबॉल (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल) आणि फँटसी बास्केटबॉल हे अमेरिकेत रुजलेले कागदी संघांचे खेळ आहेत. आठ, दहा किंवा बारा जण मिळून लीग काढतात, खऱ्या खेळाडूंची आपापसांत वाटणी करतात आणि त्या खेळाडूंनी मैदानावर केलेल्या कामगिरीचे गुण आपल्या खात्यात मांडतात. हंगाम संपल्यापासून पुढच्या वाटणीपर्यंत, म्हणजे ड्राफ्टपर्यंत, मालकाने (असा कागदी संघ चालवणाऱ्याने) केलेल्या अभ्यासाला ऑफ-सीझन तयारी म्हणतात.

मराठी वाचकाला फँटसी म्हटले की २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेले ड्रीम इलेव्हन आठवते. तिथे दर सामन्याला नवा संघ लावायचा असे आणि एकच फलंदाज लाखो संघांत असू शके. अमेरिकन लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाचा, तोही बहुधा हंगामभर. म्हणून या तयारीचे जवळचे नाते आहे ते आयपीएलच्या मोठ्या लिलावाशी: कोणाला राखायचे, कोणाला सोडायचे, पर्समध्ये काय उरेल.

फँटसी फुटबॉलचा उगम १९६२ चा. ओकलंड रेडर्स संघाचे भागीदार बिल विंकेनबाख यांनी न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात सहकाऱ्यांबरोबर नियम बेतले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिली निवड होती जॉर्ज ब्लँडा.

फुटबॉलचा ऑफ-सीझन लांबलचक. फेब्रुवारीत सुपर बोल हा अंतिम सामना होतो आणि पुढचा हंगाम सप्टेंबरात उगवतो. मधल्या सात महिन्यांत खेळ नसला तरी बातम्या अखंड असतात: मार्चमध्ये मुक्त खेळाडूंचे करार, एप्रिलअखेर खऱ्या संघांचा नवोदित निवडण्याचा सात फेऱ्यांचा ड्राफ्ट, मे महिन्यात वेळापत्रक, जुलैअखेर सराव शिबिरे. यांतून मालकाने शोधायची असते ती खेळाडूची संधी. कोण किती गुणवान हे सगळ्यांनाच ठाऊक असते. चेंडू किती वेळा त्याच्या हाती पडेल आणि पुढे वाट कोण मोकळी करून देईल, हे दर वर्षी बदलते. साक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, हे ठळक उदाहरण. २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून तो ९६२ यार्ड धावला. मार्च २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला आणि तिथल्या भक्कम आक्रमक फळीमागून त्याच हंगामात २,००५ यार्ड धावला.

याउलट फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला होणाऱ्या कम्बाइन या नवोदितांच्या शारीरिक चाचण्यांना नवे मालक फार भाव देतात. चेंडू झेलणाऱ्या जॉन रॉसने २०१७ मध्ये ४० यार्डांचे अंतर ४.२२ सेकंदांत कापून तेव्हाचा विक्रम केला. पुढे एकाही हंगामात त्याने चेंडू झेलून ६०० यार्ड गाठले नाहीत. घड्याळ लावून पळणे आणि अंगावर बचावपटू असताना झेल घेणे यांत बरेच अंतर आहे.

ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे सर्वांत मोलाचे. २०२३ च्या शिबिरात लॉस एंजेलिस रॅम्सच्या कूपर कपचा स्नायू दुखावला. ज्यांनी ती बातमी गांभीर्याने घेऊन त्याच संघाने खऱ्या ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत निवडलेला नवखा पुका नाकुआ टिपला, त्यांना १०५ झेल आणि १,४८६ यार्ड जवळजवळ फुकट मिळाले. घाई करणाऱ्यांची गोष्ट उलटी. २४ ऑगस्ट २०१९ रोजी एक सराव सामना चालू असतानाच इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) अँड्र्यू लक याच्या निवृत्तीची बातमी फुटली. त्याचे वय होते २९. ज्या लीगांचा ड्राफ्ट आधीच उरकला होता, तिथे त्याच्या मालकाची निवड पाण्यात गेली. ड्राफ्ट शक्य तितका उशिरा ठेवावा असे जाणते सांगतात ते यामुळेच.

लीगच्या प्रकारावर कामाचा पसारा ठरतो. दर वर्षी सगळे खेळाडू नव्याने वाटणाऱ्या लीगमध्ये जुलैपर्यंत स्वस्थ बसले तरी चालते. ‘कीपर’ लीगमध्ये (यष्टिरक्षकाशी संबंध नाही) दोन-चार खेळाडू राखता येतात, आणि त्यांची किंमत म्हणून ड्राफ्टमधल्या एखाद्या फेरीतली निवड सोडावी लागते. ‘डायनॅस्टी’मध्ये जवळजवळ अख्खा संघ पुढे चालतो, तिथे ऑफ-सीझन हाच खरा हंगाम, कारण अदलाबदली आणि नवोदितांचा वेगळा ड्राफ्ट याच काळात होतो. तिथे वयाचा हिशेब कठोर असतो. रनिंग बॅकने तिशी गाठली की त्याला गिऱ्हाईक मिळेनासे होते.

बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये, सगळे तीन-चार आठवड्यांत उरकते. जूनच्या मध्याला अंतिम मालिका संपते, लगोलग ड्राफ्ट, जुलै उजाडताच करार. नंतर ऑक्टोबरच्या शिबिरांपर्यंत सामसूम. लास वेगासच्या उन्हाळी लीगमधले आकडे पाहून मोहात पडू नये. समोर बहुतेक नवखेच असतात.

इथे दोन प्रश्न महत्त्वाचे. पहिला, खेळाडू ८२ पैकी किती सामन्यांत उतरेल. २०२५ च्या प्लेऑफमध्ये डेमियन लिलार्ड, जेसन टेटम आणि टायरीस हॅलिबर्टन या तिघांच्याही टाचेच्या वरची अकिलीस शीर तुटली. हॅलिबर्टन पुढचा पूर्ण हंगाम बाहेर राहील हे इंडियाना पेसर्सने जुलैतच सांगितले. अशा वेळी मालकाने जखमी खेळाडूपाशी न अडकता त्याच्या वाट्याचा चेंडू कोणाकडे जाईल ते पाहावे.

दुसरा प्रश्न गुणमोजणीच्या रकान्यांचा. प्रचलित पद्धतीत गुण, रिबाउंड (हुकलेली फेक पकडणे), असिस्ट (बास्केटसाठी दिलेला पास), स्टील (चेंडू हिसकावणे), ब्लॉक (फेक अडवणे), तीन गुणांच्या बास्केट, खेळातल्या फेका आणि फ्री थ्रो (फाउलनंतरची मोकळी फेक) यांच्या यशाच्या दोन टक्केवाऱ्या आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणे) असे नऊ रकाने असतात. यांपैकी एखादा जाणूनबुजून सोडून देण्याला ‘पंट’ म्हणतात. एनबीएतला यानिस आंटेटोकुम्पो फ्री थ्रो भरपूर घेतो आणि अलीकडच्या हंगामांत त्यांतले जेमतेम ६०-६५ टक्के बास्केटमध्ये टाकतो. फेका जितक्या जास्त, तितकी संघाची सरासरी खाली. त्याला घेणाऱ्याने हा रकाना सोडून बाकी आठांवर संघ बांधावा, आणि हे ड्राफ्टच्या टेबलावर बसण्याआधीच ठरवलेले बरे.

अनेक लीगांत मागचे हिशेबही याच काळात चुकते होतात. तळाला राहिलेल्या मालकाला शिक्षा देण्याची प्रथा आहे. त्यांतली प्रसिद्ध शिक्षा म्हणजे वॉफल हाउस या खाणावळीत सलग २४ तास बसणे. एक वॉफल संपवला की एक तास माफ.