पुतळ्याचा वाद चौथऱ्याच्या आधी सुरू होतो

राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, जन्म १९२५चा. पुरातत्त्व खात्यात असताना अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी केली, मग दिल्ली गाठली. २०१८ साली त्यांनी घडवलेले १८२ मीटरचे सरदार पटेल नर्मदेकाठी उभे राहिले. खान्देशाला याचा अभिमान आहे, आणि असायलाच हवा. पण शेजारच्याच सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताखाली आली, मणिबेली त्यांतलेच. पुतळ्याच्या अनावरणाच्या वेळी केवडिया परिसरातल्या आदिवासींनी उघड विरोध केला. राग ना पटेलांवर होता, ना शिल्पकारावर. जमीन गेली, पुनर्वसन अर्धवट राहिले, आणि त्याच जागी एवढा खर्च होताना दिसला, हे त्यांचे दुखणे होते.

हे भांडण जगभर चालत आले आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली शिल्पकार रिचर्ड सेरा यांचे शिल्प म्हणून १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत सरकारी कचेरीच्या प्रांगणात आडवी बसवली गेली. रोज तिला वळसा घालून कामावर जाणारे कर्मचारी वैतागले. १९८५च्या सुनावणीत शिल्प ठेवा म्हणणारेच जास्त होते, तरी १९८९ मध्ये ते कापून हलवले. जागेसाठी घडवलेले शिल्प जागेवरून काढणे म्हणजे ते नष्ट करणे, ही सेरा यांची भूमिका मला पटते. पण ज्यांची रोजची वाट अडली, त्यांना आधी विचारायला नको होते का?

आपल्याकडे कलावंताची बाजू न्यायालयात टिकली ती अमरनाथ सहगल यांच्या प्रकरणात. दिल्लीच्या विज्ञान भवनातले त्यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकले गेले, त्याची मोडतोड झाली. निकाल लागला २००५ साली: शिल्प परत आणि पाच लाखांची भरपाई.

महाराष्ट्रात पुतळा उभारायचा तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. शिल्पकार आधी शाडूत चेहरा, हात, वस्त्राच्या चुण्या घडवतो. नंतर साचा आणि ओतकाम. म्हणजे सुधारणा करायची ती माती ओली असतानाच. मालवणला ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. आपण मान्यता दिली ती सहा फुटांच्या नमुन्याला, असे तेव्हाच्या कला संचालकांनी सांगितले. ही तफावत कुणाच्याच नजरेत कशी आली नाही, याचा संताप अजून जात नाही.

रस्त्यावर पुतळे नकोत, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेशही आहे. तरी गावोगाव ठराव येतातच. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या पालिकांनी असा ठराव करण्याआधी मातीचा नमुना आणि जागेचा नकाशा त्याच चौकात निदान आठवडाभर मांडावा. तिथल्या हातगाडीवाल्यांना, रिक्षावाल्यांना, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आयांना तो बघू द्यावा, आणि त्यांच्या हरकती लेखी घ्याव्यात.