बास्क आर्थिक करार

बास्क आर्थिक करार (कोन्सिएर्तो एकोनोमिको) : उत्तर स्पेनमधील बास्क स्वायत्त प्रदेश आणि केंद्र सरकार यांच्यातील करव्यवस्था. बिल्बाओचा रहिवासी प्राप्तिकराचे विवरणपत्र माद्रिदच्या कर खात्याकडे भरत नाही. ते जाते बिस्काया प्रांताच्या प्रशासनाकडे, म्हणजे ‘दिपुतासियोन फोराल’कडे. कंपनीकर आणि व्हॅटही तिथेच भरायचा. आलावा व गिपुस्कोआ या प्रांतांतही हीच रीत आहे. नावारा प्रांताचा असाच, पण स्वतंत्र करार आहे.

बास्क प्रांतांना पूर्वापार ‘फुएरो’ म्हणजे सनदा होत्या. बिस्कायाच्या सनदा पाळण्याची शपथ राजे गेर्निकाच्या ओकवृक्षाखाली घेत. स्पेनच्या गादीच्या वारसावरून झालेल्या तिसऱ्या कार्लिस्ट युद्धातील पराभवानंतर 1876 मध्ये या सनदा मोडीत निघाल्या. मात्र तिथे करवसुली करायला माद्रिदकडे ना नोंदवह्या होत्या, ना माणसे. म्हणून 1878 मध्ये पंतप्रधान कानोव्हास देल कास्तियो यांनी तात्पुरती सोय काढली : वसुली प्रांतांनी करावी आणि ठरलेली रक्कम सरकारला द्यावी. बास्क अस्मितेचे मानचिन्ह मानला जाणारा हा करार असा पराभवाच्या तडजोडीतून जन्मला, हे आज फारसे कोणी बोलून दाखवत नाही.

स्पेनच्या यादवी युद्धात 19 जून 1937 रोजी बिल्बाओ पडले आणि चारच दिवसांत बंडखोर सैन्याचा प्रमुख जनरल फ्रँकोने बिस्काया व गिपुस्कोआ यांना द्रोही ठरवून त्यांचा करार रद्द केला. त्याच्या बाजूने राहिलेल्या आलावाचा करार शाबूत राहिला. 1978 च्या संविधानाने ऐतिहासिक हक्क मान्य केले, 1981 मध्ये करार पुन्हा लागू झाला आणि 2002 च्या कायद्याने त्याची मुदतच काढून टाकली.

खरी मेख ‘कूपो’ या वार्षिक देण्यात आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार अशा केंद्राकडेच राहिलेल्या खर्चाचा 6.24 टक्के वाटा बास्क प्रदेश उचलतो. लष्करावर 100 युरो खर्च झाले, तर 6 युरो 24 सेंट त्याच्या नावावर पडतात. त्यातून काही वजावटी होऊन अंतिम आकडा ठरतो. टक्केवारी 1981 पासून तीच आहे. वसुली घटली म्हणून कूपोत आपोआप सूट मिळत नाही, ती जोखीम बास्कांची. पण वजावटींचा हिशेब बंद दाराआड होतो, हा टीकाकारांचा आक्षेप बिनबुडाचा नाही. 2017 मध्ये पंतप्रधान राहोय यांच्या सरकारला अर्थसंकल्पासाठी बास्क राष्ट्रवादी पक्षाची मते हवी होती, तेव्हाच कूपोच्या रकमेचा तिढाही सुटला. ‘सिउदादानोस’ पक्षाने त्यावर झोड उठवली. पुढच्याच वर्षी त्याच बास्क पक्षाच्या मतांनी राहोय सरकार पडले.

ईशान्य स्पेनमधील कातालोनिया या स्वायत्त प्रदेशाला असा करार नाही. सप्टेंबर 2012 मध्ये तिथले अध्यक्ष आर्तुर मास यांनी राहोय यांच्याकडे करविषयक करार मागितला. नकार मिळाल्यावर त्यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि स्वातंत्र्याच्या मागणीला जोर चढला. 2024 मध्ये आपले नेते साल्वादोर इया यांची कातालोनियाच्या अध्यक्षपदी निवड व्हावी म्हणून समाजवाद्यांनी ‘एस्केर्रा’ या स्वातंत्र्यवादी कातालान पक्षाला सर्व करांची वसुली कातालोनियाकडे सोपवण्याचे आश्वासन दिले. त्यावर कास्तिया-ला मांचाचे अध्यक्ष गार्सिया-पाखे यांच्यासारखे समाजवादी पक्षातलेच नेते उघडपणे विरोधात उभे राहिले.