हाताने केलं म्हणजे शोधून काढलं असं नव्हे

केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, 'कृतीयुक्त' आणि 'शोधाधारित' हे दोन शब्द कायम एका दमात ऐकू येतात, जणू एकाच गोष्टीची दोन नावं. ती एक गोष्ट नाही. हा घोळ ऐकून ऐकून आता कान किटले आहेत, म्हणून हे लिहितोय.

कृतीयुक्त म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे: चुंबकाला टाचण्या चिकटवायच्या, मटकीला मोड आणायचे, जास्वंदीच्या पाकळ्या सोडवून वहीत लावायच्या. नुसत्या वाचनापेक्षा हे कितीतरी पटींनी बरं. साहित्य महाग की फुकट, किट आहे की नाही, बाक गोल मांडले की रांगेत, यावर तासन्‌तास चर्चा होते. त्याने काही बिघडत नाही.

खरा फरक एवढाच, की उत्तर कधी ठरलं आणि कोणी ठरवलं.

मेणबत्तीचाच प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. फळ्यावर 'अनुमान' आधीच लिहिलेलं असतं: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. मुलं उतरवून घेतात. सगळ्यांचे हात ओले होतात, फोटो ग्रुपवर जातो, आणि शिकवलेलं मात्र चूक असतं. ज्योतीने ग्लासातली हवा तापून फुगते, थोडी काठाखालून बुडबुडे काढत निसटते. विझल्यावर आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाणी चढतं ते मुख्यतः यामुळे. ऑक्सिजन तर ज्योत विझल्यावरही आत बराच उरलेला असतो.

हेच मुलांना शोधू द्यायचं असेल तर एक प्रश्न पुरतो: तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी किती चढेल? ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. अंदाज आधी वहीत लिहायचा, पेनाने, आणि तो खोडू द्यायचा नाही. पाणी जास्त चढतं, आणि ऑक्सिजनवाल्या उत्तराला तिथेच तडा जातो. फळ्यावर आधी लिहिलेल्या अनुमानाची मला चीड आहे ती यासाठी. ते प्रयोगाला खोटं ठरण्याची सोयच ठेवत नाही.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांतून असा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला होता. मुलांच्या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असत, उत्तरं नसत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. उत्तर छापलेलंच नाही, तर कॉपी कशाची करणार?

'शोधाधारित म्हणजे मुलांना मोकाट सोडणं' हाही एक गैरसमज आहे. उलट शिक्षकाची तयारी दुप्पट लागते.

परभणीकडच्या आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही दोन बाटल्या कापून पालथ्या टांगल्या, तोंडाला फडकं बांधलं. एकीत काळी माती, दुसरीत मुरूम. दोन्हींत एकेक ग्लास पाणी ओतायचं. ओतण्याआधीच एक मुलगी उठली: "सर, मुरूम जास्त भरलाय, हे बरोबर नाही." माझ्या लेखी त्या तासाचा शोध तिथेच सुरू झाला होता. मापाने पुन्हा भरलं. मुरमातून पाणी भराभर गळालं, काळ्या मातीत वरच साचून राहिलं. मी निष्कर्ष काढणार, तेवढ्यात मागून आवाज आला: "पन सर, आमच्या रानात उन्हाळ्यात भेगा पडत्यात, तवा तं पानी लगीच आत जातं."

त्याचं खरं होतं, आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मग काळी माती ओली करून बाटलीत दाबली आणि चार दिवस उन्हात ठेवली. तिने कडा सोडल्या, मधे बोटभर भेग पडली. पहिला ग्लास ओतला तर पाणी झरझर खाली. लगेच दुसरा ओतला तेव्हा धार बारीक झाली होती. माती फुगून भेगा मिटत होत्या. पोरं वाकून पाहत होती. तेवढ्यात त्याच पोराने विचारलं, "तिसरा ओतू का?"