सनबोर्ड मागवला, फोमबोर्ड आला

गेल्या गणपतीत बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाप्पाच्या मागे 5 फूट लांबीचं अंतराळयान टांगलेलं होतं. कुठल्या सिनेमातलं नाही, भाच्याने वहीच्या मागच्या पानावर काढलेलं: पुढे माशासारखं तोंड, मध्ये लांब कणा, मागे चार इंजिनं. त्याच्याकडे बघता बघता पाहुणे आरतीत चुकत होते. पण ते दुसरं यान. पहिलं श्रावणातच गेलं, आणि कारण एवढंच की आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तूंना लोक एकाच नावाने हाक मारतात.

मी भाच्याला 5 मिलिमीटरचा सनबोर्ड आणायला धाडलं होतं. तो पांढरेशुभ्र, गुळगुळीत तक्ते घेऊन आला. हातात घेतल्यावर हलके वाटले, तेव्हा मी विचारलंसुद्धा. "मामा, दुकानवाले काका म्हणाले, बन्ने एक ज छे, दोन्ही एकच." मीही सोडून दिलं. आठवडाभर कापाकापी, चिकटवाचिकटवी झाली आणि एका संध्याकाळी गच्चीवर आम्ही राखाडी स्प्रेचे दोन हात मारले. सकाळी यान झकास दिसत होतं. भाच्याने नाकाशी धरून उचललं आणि त्याचा अंगठा फच्चकन आत गेला. मी ब्लेडने तो भाग उघडला. वरचा कागद जागच्या जागी, रंगही एकसारखा. पण कडेपासून दोन बोटं आतपर्यंत मधला गर गायब, नुसते चिकट तंतू. वाळवीने पोखरलेली चौकट रंगाखाली शाबूत दिसते ना, अगदी तसं.

फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये पॉलिस्टायरिनचा फोम. थर्माकोलच्याच जातीचा, फक्त बारीक, दाणे न दिसणारा. (पुण्याची आत्या हे ऐकून म्हणाली, "आमच्याकडे तर 2018 पासून थर्माकोलच्या मखरावर बंदी आहे." आमचं बडोदं गुजरातेत, पण तिचा मुद्दा रास्त होता.) सनबोर्ड म्हणजे, निदान पाट्या रंगवणारे ज्याला सनबोर्ड म्हणतात तो, फुगवलेल्या पीव्हीसीचा तक्ता. त्याला कागद नसतो. पाठीपासून पोटापर्यंत एकच माल. कुणी त्याला फॉरेक्स म्हणतं, कुणी फोम शीट, आणि फोम हा शब्द दोन्हीकडे असल्यामुळेच सगळा घोळ.

दुकानात कड बघायची. फोमबोर्डच्या कडेला तीन थर दिसतात. मधल्यात नख रुततं आणि खड्डा राहतो. सनबोर्डची कड घट्ट असते, फार तर ओरखडा उठतो. कोपऱ्यावर ओलं बोट घासलं की कागद फुलतो, पीव्हीसी ढिम्म. वजनाचं तर विचारायलाच नको. 8 बाय 4 फुटांचा, 5 मिलिमीटरचा सनबोर्ड साधारण 8 किलो भरतो, तेवढाच फोमबोर्ड 2 किलोच्या आसपास. मला हातात घेऊनही कळलं नाही, हा माझा दोष.

स्प्रेच्या डब्यात रंगाबरोबर अ‍ॅसिटोन, टोल्युइनसारखी द्रावकं असतात. पॉलिस्टायरिन त्यांत विरघळतं, आणि फोममध्ये मुळात हवाच जास्त, त्यामुळे विरघळल्यावर उरतं ते चमचाभर. पृष्ठभागावर कागद आडवा येतो, पण कापलेल्या कडा उघड्या असतात आणि द्रावक तिथूनच शिरतं. फोमबोर्ड रंगवायचाच असेल तर कडांना कागदी टेप, त्यावर पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल, आणि मग ब्रशने अ‍ॅक्रिलिक. तेही दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला ओला रंग लागला की तक्ता पापडासारखा वळतो. सनबोर्डला हे लाड नकोत. 400 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवायचा, प्रायमरचे पातळ हात द्यायचे, मग खुशाल स्प्रे. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने दाबून रेघ ओढली तर ती कायमची उमटते, आणि लांबून पत्र्याच्या जोडासारखी दिसते. अंतराळयान 'मोठं' वाटतं ते अशा रेघांमुळे.

मग सगळंच सनबोर्डचं का करू नये? भाच्याचं हेच म्हणणं होतं. आम्ही दोन्हींची 4 फूट लांब, 3 इंच रुंद पट्टी कापली आणि दोन डब्यांवर टोकं टेकवून ठेवली. सनबोर्डने लगेच मध्ये झोळ घेतली. फोमबोर्ड जवळजवळ सरळ. बांधकामावरचा लोखंडी गर्डर आठवा: ताकद वरच्या आणि खालच्या पट्टीत असते, मधला भाग त्यांना एकमेकींपासून लांब धरतो. फोमबोर्डमध्ये ते काम दोन कागद करतात, एक ताण घेतो, एक दाब. सनबोर्डमध्ये असं काही नाही, वर स्वतःचंच वजन.

मोठ्या यानात हे वजन फार महाग पडतं. अमेरिकन टीव्हीवरच्या 'स्टार ट्रेक'साठी 1964 मध्ये एंटरप्राइझ यानाची 11 फुटी प्रतिकृती बनली, लाकूड, प्लॅस्टिक आणि पत्र्याची. वजन 100 किलोच्या आसपास. आता ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यांच्याकडे स्टुडिओ होता, मजबूत स्टँड होता. आमच्याकडे पंख्याचा हुक.

म्हणून दुसरं यान वाटून घेतलं. कण्याला 1 इंची अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, त्यावर फोमबोर्डच्या फासळ्या, आणि वरची कातडी 2 मिलिमीटरच्या सनबोर्डची. सगळं मिळून साडेतीन किलो.

इथे खरी डोकेदुखी सुरू होते, कारण कातडी फासळीला चिकटवायची कशाने? फेविकॉल कागदाला घट्ट धरतो, पण पीव्हीसीवरून वाळल्यावर सालीसारखा निघतो. फेविक्विक आणि पाइपवाल्यांचं सॉल्व्हंट सिमेंट पीव्हीसीला उत्तम, पण फासळीच्या उघड्या कडेला लागलं की फोम खातं. बूट चिकटवायचा पिवळा गोंदही तसलाच. हॉट ग्लू चालतो, पण बंदूक जास्त तापली तर तोही फोम वितळवतो. शेवटी अ‍ॅराल्डाइट वापरलं. ते फोमला हात लावत नाही, आणि पीव्हीसी आधी पॉलिश पेपरने खरखरीत केलं तर तिथेही धरतं. महाग आहे, वाळेपर्यंत चिमटे लावून बसावं लागतं, पण एकही सांधा सुटला नाही.

लेझर कटिंगचा मोह होईल, सनबोर्डसाठी तो टाळाच. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. फुप्फुसांना वाईट आणि मशीनही गंजतं. जाणता लेझरवाला स्वतःच नाही म्हणतो. धारदार कटर आणि स्टीलची पट्टी घ्या, तीन-चार हलक्या फेऱ्यांत 2 मिलिमीटर सुटतं.

उष्णतेचं मात्र दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. पीव्हीसी 70-80 अंशांच्या पुढे मऊ पडतं. हीटगनने तापवून बाटलीभोवती गुंडाळलं की इंजिनाचं नळकांडं तयार, फोमबोर्डमध्ये हे शक्यच नाही. पण तोच गुण पुढे उलटतो. विसर्जनानंतर यान गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. बडोद्याचा मे महिना, वर तापलेला पत्रा. जूनमध्ये दार उघडलं तर डावा पंख जसाच्या तसा, उजवा कुत्र्याच्या कानासारखा लोंबलेला. डाव्यात फोमबोर्डची फासळी होती. उजव्यात मी कंटाळा करून घातली नव्हती.