प्रसवपूर्व रक्तचाळणी, गुणसूत्रीय

गर्भात डाऊन संलक्षण (२१ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत), एडवर्ड्‌स संलक्षण (१८ व्या) किंवा पटाऊ संलक्षण (१३ व्या) असण्याची शक्यता मातेच्या रक्तावरून अजमावण्याची पद्धत. ही चाळणी आहे, निदान नव्हे. ‘पॉझिटिव्ह’ अहवालाचा अर्थ जोखीम ठरावीक मर्यादेपेक्षा, बहुधा २५० त १ पेक्षा, अधिक आहे एवढाच असतो.

या पद्धतीचा आरंभ काहीजण १९७० च्या दशकात, मज्जानलिकेच्या (गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू जिच्यातून बनतात त्या नळीच्या) दोषांसाठी मातेच्या रक्तरसातील अल्फा-फीटोप्रोटीन हे गर्भात तयार होणारे प्रथिन मोजले जाऊ लागले तेव्हापासून धरतात. मात्र त्या चाचणीत वाढलेले प्रमाण शोधले जाई. घटलेल्या प्रमाणाचा गुणसूत्रांशी संबंध १९८४ मध्ये अमेरिकेत अर्विन मर्कट्झ व सहकाऱ्यांनी दाखवला, म्हणून हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. या संशोधनाला चालना एका मातेच्या प्रश्नाने मिळाली. १८ व्या गुणसूत्राची विकृती असलेले मूल गमावल्यावर, आपल्या अहवालातील कमी आकड्याचा त्याच्याशी काही संबंध होता का, असे तिने विचारले होते. १९८८ मध्ये लंडनचे निकोलस वॉल्ड यांच्या गटाने मातेच्या रक्तातील तीन घटक व तिचे वय यांची सांगड घातली. तीच ‘ट्रिपल मार्कर’ चाचणी.

‘डबल मार्कर’ ही रक्तातील दोन घटक मोजणारी चाचणी साधारणतः गर्भारपणाच्या ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान करतात. डाऊन संलक्षणात पॅप-ए (वारेतून येणारे प्रथिन) कमी व बीटा-एचसीजी (वारेतून येणारे संप्रेरक) जास्त आढळते. प्रत्येक मूल्य त्याच गर्भवयाच्या मध्यकाच्या (निरोगी गर्भारपणांतील मधल्या मूल्याच्या) किती पट आहे यावर जोखीम ठरत असल्याने सोनोग्राफीत मोजलेले गर्भवय चुकले, तर आकडाही चुकतो. मानेमागील द्रवाची जाडी (‘एनटी’) जमेस धरल्यास सुमारे ८५ ते ९० टक्के बाधित गर्भ ओळखता येतात, पण सुमारे ५ टक्के निरोगी गर्भांचा अहवालही पॉझिटिव्ह येतो.

‘एनआयपीटी’चा, म्हणजे मातेच्या रक्तातील गर्भाचे डीएनए तपासणाऱ्या चाचणीचा, पाया संशोधक डेनिस लो यांनी १९९७ मध्ये घातला. मातेच्या रक्तद्रवात त्यांना गर्भाचे मुक्त डीएनए आढळले. हे डीएनए प्रामुख्याने वारेच्या पेशींतून येते, असे आता मानले जाते. वार व गर्भ यांची गुणसूत्रे क्वचित भिन्न असतात, म्हणून डाऊन संलक्षणाचे सुमारे ९९ टक्के बाधित गर्भ ओळखणाऱ्या या चाचणीनंतरही गर्भजल किंवा वारेच्या ऊतींची तपासणी करूनच निदान पक्के करावे लागते.

या चाचणीतून लिंगही कळू शकते. भारतात १९९४ च्या कायद्यानुसार ते सांगण्यास मनाई आहे. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ मध्येच केला होता.