आधी बाळाच्या हातांकडे बघा

अंध मूल आणि संगीत म्हटलं की लोकांना लगेच रवींद्र जैन आठवतात, आणि मग आईवडिलांना सल्ला मिळतो की गाण्याच्या क्लासला घाला, नाव काढेल. अहो, पण म्युझिक सेशनचा, म्हणजे बाळासोबत ठरवून गाण्या-वाजवण्याच्या वेळेचा, खरा उपयोग त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, बाळ मांडीवर असतं तेव्हाच.

डोळस बाळ साधारण ४-५ महिन्यांचं झालं की खेळणं दिसतं म्हणून हात पुढे करतं. अंध बाळाला खुळखुळा ऐकू येतो, पण आवाज येतोय म्हणजे तिथे हातात धरण्यासारखं काहीतरी आहे हे त्याला अजून उमगलेलं नसतं. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकन संशोधिकेने अशी बाळं त्यांच्या घरी जाऊन बघितली, तेव्हा नुसत्या आवाजाकडे हात जायला जवळपास वर्ष उलटत होतं, आणि रांगणंही लांबत होतं, कारण ज्याच्याकडे झेपावावं असं समोर काही नाहीच ना. चेहऱ्यावर फारसे भाव नसले तरी बोटं बरंच काही बोलतात, हेही तिनेच दाखवलं.

म्हणून सेशनमध्ये डफली आधी बाळाच्या तळहाताखाली ठेवतात, वाजवतात, कातड्याची थरथर बोटांना कळू देतात, मग वाजवत वाजवतच चार बोटं लांब नेतात आणि थांबतात. हे थांबणं फार महत्त्वाचं, कारण अशी बाळं लक्ष देऊन ऐकताना एकदम स्तब्ध होतात आणि आपल्याला वाटतं आवडलं नाही, की लगेच आपण हात धरून ओढतो. प्लीज ओढू नका, वाट बघा.

२००४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी तपासलं तर लहानपणीच दृष्टी गेलेल्या लोकांना सूर चढला की उतरला हे डोळस लोकांपेक्षा जास्त चांगलं ओळखता येत होतं. म्हणजे मेंदू तयारीत असतोच, पण म्हणून दिवसभर मोबाईलवर गाणी लावून ठेवणं हा उपाय नाहीये, उलट पावलांचा, दाराचा, भांड्यांचा जो आवाज ऐकून मूल घर ओळखतं तोच त्यात बुडतो. त्यापेक्षा आंघोळीचं एक गाणं, जेवणाचं एक, रोज तेच आणि आईच्याच आवाजात, म्हणजे पुढे काय होणार हे त्याला आधीच कळतं आणि अंगावर अचानक पाणी पडून ते दचकत नाही.

थोडं मोठं झालं की कडव्यातला शेवटचा शब्द सोडून द्यायचा, तो ते स्वतः भरतं. अंध मुलांचा 'मी' आणि 'तू' मध्ये बरेच दिवस गोंधळ होतो, तिथे टाळ एकमेकांकडे देत 'आता तू वाजव, आता मी वाजवते' असं गाण्यातच म्हटलं तर कोण मी आणि कोण तू हे हातातल्या टाळावरून समजायला लागतं.