रिपोर्टात ‘एस’, तरी ताप उतरेना

“रिपोर्टात औषद चालता असा लिवलेला आसा, मगे ताप कित्याक येता?” मालवणातल्या आमच्या शेजारच्या तात्यांनी लघवीच्या कल्चरचा, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा कागद पुढे केला. प्रोस्टेटमुळे महिनाभर लघवीची नळी, त्यात हा दुसरा ताप. घरच्यांनी ठरवूनही टाकलेलं, जंतू औषधाला दाद देत नाहीत. कागद मात्र वेगळंच सांगत होता.

लॅबमध्ये आम्ही प्लेटवर जंतू पसरतो, वर औषधांच्या चकत्या ठेवतो आणि रात्रभर ३५ अंशांत ठेवून देतो. सकाळी चकतीभोवती पुरेसं मोकळं वर्तुळ दिसलं तर ‘एस’, म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं. जंतू अगदी चकतीला भिडले तर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. हा ‘आर’ म्हणजे खरा रेझिस्टन्स. जंतूची घडणच बदललेली असते. क्लेब्सिएला नावाचा जंतू औषध तोडणारं एन्झाइम बनवतो आणि त्याची जनुकं शेजारच्या ई. कोलाय या दुसऱ्या जंतूलाही देऊन टाकतो. मेथिसिलिन हे औषध आलं १९५९ मध्ये, त्याला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जंतू १९६१ मध्येच सापडले.

तात्यांचं दुखणं बहुधा दुसरंच होतं, बायोफिल्मचं. जंतू नळीला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात. आतल्यांना अन्न आणि ऑक्सिजन कमी, म्हणून ते सुस्तावतात. पेनिसिलिनसारखी औषधं वाढत्या जंतूची भिंत बिघडवतात. जो भिंत बांधतच नाही त्याचं काय बिघडणार? १९४४ मध्ये जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना पेनिसिलिनच्या माऱ्यातूनही दहा लाखांत एखादा स्टॅफिलोकोकस जिवंत सापडला. तो पुन्हा वाढवला तर त्याची पिल्लं पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मेली. अशा तगून राहणाऱ्या जंतूंना बिगर यांनी ‘पर्सिस्टर’ म्हटलं.

आमच्या प्लेटवर तर लघवीत तरंगणारे जंतू ताज्या अन्नावर वाढतात. मग ‘एस’ येणारच, आणि तो खोटा नसतो.

तात्यांचं आयुष्य मासेमारीत गेलेलं, म्हणून म्हटलं, होडीच्या बुडाला आधी बुळबुळीत थर धरतो, मग कालवं. नुसतं पाणी मारून जातात का? ‘आर’ आला की औषध बदलायचं. इथे नळी बदलायला हवी, आणि कल्चर नव्या नळीतून घ्यायला हवं, जुन्या नळीत तिचेच जंतू येतात. पण रेझिस्टन्स आणि बायोफिल्म अगदी वेगळेही राहत नाहीत. थरातली दाटीवाटी जनुकांच्या देवाणघेवाणीला फार सोयीची, आणि अर्धवट कोर्सवर कोर्स झाले की आजचा ‘एस’ उद्या ‘आर’ होऊ शकतो.

डॉक्टरांनी नळी बदलली. तात्या म्हणाले, “म्हणजे होडी वर ओढूकच व्हयी होती.”